जीपची पायरी

रिसोडला माझी जुनी जीप दुरुस्त करणारा मिस्त्री गिऱ्हाइकांच्या तक्रारी काम करता करता ऐकतो. स्टिअरिंग जड आहे, पावसात टप गळतो, इंजिनाच्या गरमीनं पाय भाजतात. त्याचं उत्तर ठरलेलं: "बनवणारा यात बसलाच नाही, भाऊ!"

परवा आई सोबत होती. तिचे गुडघे दुखतात आणि जीप उंच, म्हणून दोघांना तिला उचलून बसवावं लागे. त्या लाजेपायी तिनं मावशीच्या गावाला, अनसिंगला, जाणंच सोडलं होतं. मी हे सांगितलं तसा मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला.

"काकू, पाय कुठलोक वर येते तुमचा?"

तिनं दाखवलं, तेवढ्याच उंचीवर त्यानं लोखंडी पायरी वेल्ड केली. आई एकटी चढली, उतरली, आणि उगाच पुन्हा चढली.

"चाल आता अनसिंगले," ती म्हणाली, "मावशीले दाखवू."