दुखत असेल तर दुखतंय म्हणा

डॉक्टरांनी माझ्या बोटाच्या शेंड्याला सुई टोचली आणि विचारलं, "दुखता क्या, माँ?"

"न्हाई," मी म्हणलं.

त्यांनी दुसऱ्या बोटाला टोचली. "यहाँ?"

"न्हाई. काईच दुखत न्हाई."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी कंपाउंडरकडे बघितलं आणि कंपाउंडर माझ्यापासून एक पाऊल मागं सरकला. मला वाटलं होतं, दुखत नाही म्हणलं की सुटले. ज्या बाईचं काही दुखत नाही ती धडधाकट, एवढीच माझी अक्कल. महारोग झालेल्या माणसाला सुई कळत नाही, डॉक्टर तेच तपासतायत, हे मला कुठं ठाऊक? मी माझ्याच तोंडानं माझ्या गळ्यात धोंडा बांधत होते.

मी शिरूरची कासारीण. निजाम सरकारच्या अमदानीतली, बीडच्या सरकारी दवाखान्यातली ही हकिगत. मला लिहिता येत नाही, सांगते ते पुतणी लिहून घेते. ती शुद्ध करायला बघते, मी तिला दटावते. ज्या बायांची बोटं सकाळी उठल्यावर मिटत नाहीत आणि ज्यांना घरचे आळशी म्हणतात, त्यांच्यासाठी हे सांगते. त्यांनी माझ्यासारखा येडेपणा करू नये.

सुरुवात अंगठ्याजवळच्या दोन बोटांपासनं झाली. सकाळी मूठ वळायची नाही. तांब्या धरता यायचा नाही, लुगड्याची गाठ बसायची नाही. ऊन चांगलं वर आलं की बोटं मोकळी व्हायची, म्हणून वाटलं वारं भरलं असेल. महिन्याभरात दुसऱ्या हाताला तस्संच झालं. मग मनगटं सुजली, मग पायाचे चवडे. निरगुडीच्या पाल्याचा शेक घेतला, एरंडेल चोळलं, दृष्ट काढली. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

सांध्यांपेक्षा मला थकव्यानं जास्ती रडवलं. कामाचा शीण झोपलं की जातो, हा झोपून उठलं की दुप्पट. दोन भाकरी थापल्या की परातीवरच डोकं टेकवावं वाटायचं. सूज निदान दिसते, थकवा कुणाला दाखवणार? सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, ते सोंगच वाटायचं. आपण बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी बांगड्यांची ओझी घेऊन बाजाराला गेलो होतो, हे त्या मला रोज ऐकवायच्या. मी दात-ओठ खाऊन गप बसायची. बोलायलासुद्धा अंगात जीव लागतो.

आता आमचा धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बांगडी भरणं म्हणजे नुसतं ढकलणं नसतं. बाईचा पंजा आपल्या मुठीत घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड आत दाबायचं, तिला बोलण्यात गुंतवायचं आणि बांगडी हाडावरनं कधी उतरली ते तिला कळू द्यायचं नाही. "दुखत न्हाई बाई, हात ढिला सोड." हे मी दिवसातनं शंभर वेळा म्हणत असे. म्हणता म्हणता ते माझ्या अंगवळणीच पडलं होतं.

पाटलाच्या गोदीचं लग्न निघालं तेव्हा चुडा भरायला मला बोलावणं आलं. त्या दिवशी माझी बोटं सकाळपासनं पेटलेली होती. मानाचं बोलावणं, नाही कसं म्हणायचं? गेले. हिरवा चुडा अर्धा भरून झाला आणि माझ्या बोटातला जोरच गेला. दोन बांगड्या नवरीच्या मनगटावरच वाढल्या. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, पण रक्त यायचं ते येतंच. गोदी ओरडली, मांडवातल्या बाया गोळा झाल्या. पाटलीणबाईंनी माझा हात धरून उजेडात नेला. सुजलेली, एका बाजूला कललेली बोटं बघितली आणि हात असा सोडला की जसा इस्तवच धरला होता.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, कासारणीला महारोग झाला. दुसऱ्या दिवसापासनं आमच्या ओसरीवर एक बाई फिरकली नाही. आमच्या धंद्यात बाईनं आपला हात आमच्या हातात द्यावा लागतो. तेच बंद झालं. तिसऱ्या दिवशी पाटलाचा निरोप आला: बीडच्या दवाखान्याची चिठ्ठी आणा. रोग नसला तर ठीक, असला तर बाईनं नदीपल्याड खोपट घालून राहावं, गावात पाऊल टाकू नये.

आमच्या मालकांनी बैलगाडी जुंपली. सगळ्या वाटेत ते माझ्याशी दोन शब्द बोलले असतील, तेही बैलांना बोलता बोलता. आत्याबाई न विचारताच गाडीत येऊन बसल्या. मला वाटलं, मला नदीपल्याड घालवायचा हुकूम आपल्या कानानं ऐकायला निघाल्यात. खोटं कशाला सांगू, तेव्हा माझ्या मनात त्यांच्याबद्दल तेवढंच होतं.

दवाखान्याच्या पडवीत अर्धा दिवस बसलो. खरजेची पोरं, तापकरी, पाय मोडलेला एक फौजदार. कुणी जवळ सरकलं की मी हात पदराखाली घ्यायची. आत बोलावलं तेव्हा मी एकच गोष्ट घोकत होते, दुखत नाही म्हणायचं, काही झालं तरी दुखत नाही म्हणायचं. आणि तसंच म्हणाले.

डॉक्टर हैदराबादेकडचे, पिकल्या दाढीचे, बोलायला मऊ. त्यांनी कागद ओढला, दौतीत टाक बुडवला. मग काहीतरी आठवल्यागत थांबले आणि कंपाउंडरला म्हणाले, बाईच्या बांगड्या काढ, मनगट बघायचंय. माझ्या बांगड्या सुजेत रुतून बसल्या होत्या. कंपाउंडरनं अनमान करत हात पुढं केला, एक बांगडी धरून ओढली. माझ्या डोळ्यापुढं काजवे चमकले. तरी मी तोंडातनं चकार शब्द काढला नाही.

तेवढ्यात दारापाशी बसलेल्या आत्याबाई उठल्या.

"थांब रे," त्या कंपाउंडरला म्हणाल्या. "सवाष्णीच्या हातातनं अशी ओढतेत का? सर तिकडं."

त्यांनी साबण मागून घेतला, माझ्यापुढं बसल्या आणि माझा पंजा आपल्या मुठीत घेतला. लग्न होऊन आले त्या दिवशी त्यांनीच माझा चुडा भरला होता. त्यानंतर त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. धरल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी हाड दाबलं नाही, नुसता अंगठा ठेवला. मग दुसऱ्या सांध्यावर, मग तिसऱ्या.

"डाक्टरसाब," त्या म्हणाल्या, "ही खोटं बोलती. पन्नास वर्सं बायांचे हात धरतेय मी. तोंड काई म्हणू द्या, दुखणारा हात अंग चोरतो. बोट ठेवलं की हिचा हात मागं सरतोय. लई दुखतंय हिचं." मग माझ्याकडं बघून खालच्या आवाजात म्हणाल्या, "कावून सांगितलं न्हाईस गं? मला तरी सांगायचंस."

मला रडूच फुटलं. वर्षभराचं सगळं रडले. सांगितलं तर तुम्ही सोंग म्हणता, हेही रडता रडता बोलून गेले. साबण लावून एकेक बांगडी त्यांनी उतरवली, एक वाढू दिली नाही, आणि हात ओका राहू नये म्हणून मनगटाला हळदीचा दोरा बांधला. तो दोरा त्यांनी घरनंच आणला होता.

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. मला डोळ्यावर पदर घ्यायला लावला आणि पुन्हा सुई काढली. ह्या वेळी मी खरं सांगितलं. टोचली की ओरडले, नुसतं मोरपीस फिरवलं तेही कुठं फिरलं ते सांगितलं. एकदा काहीच केलं नाही, तर काहीच नाही म्हणाले. डॉक्टर हसले.

"महारोग में सुई समझती नहीं, माँ. तुम्हारे को तो फूंक मारी तो दुखता. जाओ, वो बीमारी नहीं है तुमको."

जे दुखणं मी लपवत होते, त्यानंच मला सोडवलं.

ह्या रोगाला इंग्रजीत रुमॅटाइड आर्थ्रायटिस म्हणतात, हकीम वजा-उल-मफासिल म्हणतात, आपले वैद्य आमवात म्हणतात. म्हणजे सांधे आतनं सुजतात, दोन्ही अंगाला सारखे, आणि सगळ्या शरीराचं बळ त्यात जातं. थकवा हा त्या रोगाचाच भाग, आळस नव्हे. हे डॉक्टरांनी आत्याबाईंकडं बघून दोनदा सांगितलं. स्पर्शानं कुणाला लागत नाही, हेही सांगितलं. बरा होईल का, असं मालकांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, जाणार नाही, पण रोज सारखा राहणार नाही. कधी भडकेल, कधी निवेल. त्याच्या कलानं राहायला शिका.

सॅलिसिलेट नावाची पूड दिली, ती पाण्यात कालवून जेवणावर घ्यायची. सांधे ढिले व्हायचे, पण कानात दिवसभर झुंई आवाज यायचा आणि पोट ढवळायचं. जास्ती घेऊ नका बायांनो, मी एकदा घाई केली आणि दोन दिवस उलट्या काढल्या.

दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. माझं मुंगीच्याच पायानं आलं आणि जायचं नावच काढत नाही. भडकायच्या आधी मला आता कळतं: आदल्या दिवशी जिभेची चव जाते, विनाकारण चिडचिड होते, डोळे जड होतात. त्या दिवशी मी काम खाली ठेवते. पूर्वी चांगल्या दिवशी चार दिवसांचं काम उपसायची आणि पुढं आठ दिवस पडायची. आता चांगल्या दिवशीही अर्ध्यावर उठते. सकाळी गरम पाण्याच्या परातीत हात बुडवून बसते. भाकरी आत्याबाई थापतात. कुरकुर करतात, पण थापतात.

चिठ्ठी पाटलांनी कुणाकडनं वाचून घेतली, नदीपल्याडचं संकट टळलं. पण कागद बघून कुणी हात देत नाही. वर्ष होत आलं तरी बाया आत्याबाईंकडं यायच्या आणि माझ्याकडं पाठ करून बसायच्या. आत्याबाईंची नजर कमी झालेली, त्यांच्यानं किती होणार? मला वाटायला लागलं, गावात राहिले खरी, पण कासारीण म्हणून मेलेच.

मग एका सकाळी गोदी आली. सातव्या महिन्यात माहेरी आली होती, बरोबर पाटलीणबाई. पाटलीणबाई अंगणातच उभ्या राहिल्या. गोदी सरळ ओसरी चढली आणि माझ्यापुढं हात धरला. मनगटावर त्या दिवशीचा पांढरा वण होता.

"तुमीच भरा," ती म्हणाली.

आणि माझी बोटं त्या दिवशी सकाळी भडकलेली. माझा जीव टांगणीला लागला. भरल्या आणि पुन्हा वाढल्या तर संपलंच. नाही म्हणलं तर ती उठून जाईल, मग कोण येतंय? शेजारच्या दारातनं बाया बघत होत्या. "दुखत न्हाई" म्हणायची जुनी सवय ओठावर आली होती.

"गोदे," मी म्हणलं, "आत्ता माझे हात लई दुखतेत. आत्ता भरल्या तर तुला लागंल. ऊन कलल्यावर मोकळे होतेत. तवा ये."

गोदीनं हात मागं घेतला. मग तिनं पाय लांब केले, खांबाला टेकली आणि म्हणाली, "जाते कुठं? माझं बी कंबरडं मोडलंय. बसते हितंच."

बसली. सगळी गल्ली बघत असताना अर्धा दिवस बसली. आत्याबाईंनी तिला ताक दिलं. मी परातीत हात बुडवून समोर बसले. पाटलीणबाई थोडा वेळ अंगणात उभ्या होत्या, मग पायरीवर बसल्या, मग ऊन लागतंय म्हणून ओसरीवर आल्या.

दुपार कलली, बोटं वळायला लागली. गोदीचा पंजा मुठीत घेतला. एकेक बांगडी सावकाश चढवली. दोन्ही हात भरले, एक वाढली नाही. रीतीप्रमाणं एक बांगडी आशीर्वादाची वर घातली. गोदीनं वाकून नमस्कार केला आणि जाताना माझे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले.

ती उठल्यावर त्या जागेवर पाटलीणबाई येऊन बसल्या. माझ्याकडं बघितलं नाही. पदर सावरला आणि हात पुढं केला.

मी धरला. त्यांचा हात ताठ होता.

"हात ढिला सोडा, पाटलीणबाई," मी म्हणलं. "आन दुखलं तर सांगा."