अष्टमीच्या वाळूवर पंधरा दात

हुस्नबानू चाचीला मोटरसायकलीतलं ओ की ठो कळत नाही, असं मी चारचौघांत म्हणालो होतो. ते आठवलं की आजही माझे कान तापतात.

चाची साठीची. आगरदांड्याच्या अलीकडे आमच्या गावात खाडीच्या तोंडाशी वाळू आहे. तिथे ती चाळीस वर्षं ओहोटीला टोपली घेऊन वाळूतल्या शिंपल्या, तिसऱ्या, काढायला जाते. नवरा कुवेतला होता तेव्हाही जायची, तो वारल्यावरही जाते. गुडघे कुरकुरतात, ती कुरकुरत नाही. अफान तिचं शेंडेफळ. घर माझ्या गॅरेजच्या समोरच. मी मूळचा पालीचा, डोंगराकडचा. समुद्राशी माझी ओळख लग्नानंतरची. पण चेन-स्प्रॉकेटच्या कामात मुरूडपर्यंत माझा हात धरणारा कोणी नाही, अशी माझी समजूत होती.

होळीला आमच्याकडे वाळूवर बाइकची शर्यत लागते. पाऊण किलोमीटर, सरळ. अफान लागोपाठ दोन वर्षं दुसरा आला होता. यंदा रविवारी शर्यत आणि बुधवारी त्याला मस्कतला निघायचं होतं, निदान तीन वर्षांसाठी. "दयारामभाई, जायच्या आधी एकदा पहिला यायचंय," एवढंच तो म्हणाला. "बाकी तुम्ही बघा."

मी बघितलं. अशा गाडीचं सगळं गणित चेन ज्यांवर फिरते त्या दोन चकत्यांच्या दातांत असतं. पुढची चकती लहान किंवा मागची मोठी केली की पिकअप वाढतो, गाडी जागेवरून उसळते, पण पुढे लवकर दम सोडते. उलट केलं की सुरुवात जड जाते, पण मोकळा रस्ता मिळाला तर टॉप स्पीड वाढतो. दोन्ही वर्षी अफान अर्ध्यापर्यंत पुढे होता आणि शेवटी इंजिन नुसतं बोंबलत राहिलं. म्हणून मी पुढे तेराच्या जागी पंधरा दातांची चकती लावली आणि मागची चव्वेचाळीसची काढून चाळीसची. चेनच्या दोन कड्या कमी केल्या. हिशोबात खोट नव्हती. वाळू मात्र मी हिशोबात धरलीच नव्हती.

शर्यत दर वर्षी पुनवेला, संध्याकाळच्या ओहोटीला व्हायची. यंदा मंडळाने पाहुण्यांच्या सोयीसाठी ती पुढच्या रविवारवर ढकलली. मोबाइलवर ओहोटी दुपारी बाराची दिसली आणि मी निर्धास्त झालो.

शनिवारी सकाळी मी चेन ताणत होतो, चार-पाच जण बाकावर चहा पीत बसले होते. चाची रस्ता ओलांडून आली.

"दयाराम, उद्या अष्टमी हाय. भांगाचं पानी. पुनवेसारखं लांब न्हाय जायाचं. कडक वाळू पान्याखालीच ऱ्हाईल. गाड्या वरच्या भुसभुशीत वाळूतनं न्याव्या लागतील. माजे पाय रुततात तिथं, तुजी गाडी काय उठंल?"

बाकावरच्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेच मला झोंबलं.

"ओहोटी ती ओहोटी, चाची. तुम्ही तिसऱ्या मोजा, दात मी मोजतो. यातलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही."

सगळे फिदीफिदी हसले. चाचीही कसनुसं हसली आणि ओढणी सावरत घरी गेली.

रविवारी पाणी तिने सांगितलं होतं तिथेच थांबलं. निशाण पडलं आणि चार गाड्या उसळल्या. अफानची गाडी जागच्या जागी घुरघुरली, मागचं चाक वाळू उकरत बसलं. ती सुटेपर्यंत बाकीचे निम्म्यावर पोचले होते. त्याचा टॉप स्पीड घ्यायला तिथे जागाच उरली नव्हती. पाचांत पाचवा आला.

मंडळाचे बुधाजी मला म्हणाले, "काय रं दयाराम, सेटिंग चुकली काय?"

मी म्हणालो, "गाडी बरोबर होती. पोराचा हात कच्चा. क्लच धड सोडता आला नाही."

अफान हेल्मेट काढत होता. त्याने ऐकलं. "व्हय बुधाजीकाका," तो म्हणाला, "क्लच माजाच चुकला."

आणि मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, आधी हायसंच वाटलं. लाज घरी पोचल्यावर आली. मंगळवारी अन्न गोड लागेना तेव्हा मी समोरच्या घरी गेलो. चाची अफानच्या बॅगेत भरायला सुके बोंबील कागदात बांधत होती. अफान बाजारात गेला होता.

"चाची, चूक माझी होती. क्लच नाही, चकत्या चुकल्या. तुमचं ऐकायला हवं होतं."

"ठाव हाय."

"अफानला मी स्वतः सांगेन."

"त्यालाबी ठाव हाय. शनिवारीच सांगितलेलं मी त्याला. म्हनलं, जुन्या चकत्या परत लावून घे, अजून येळ हाय." तिने दोरीची गाठ आवळली. "तर म्हनतो, अम्मी, दयारामभाई चारचौघांत बोलून बसलेत. आता बदलायला लावलं तर त्यांचं नाक कापलं जाईल. ऱ्हाऊ दे."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ज्या शर्यतीसाठी तो दोन वर्षं झुरला होता, ती त्याने माझ्या नाकासाठी सोडून दिली होती. आणि वाळूवर मी त्याचंच नाक कापलं होतं.

उद्या सगळ्यांसमोर खरं सांगायचं, असं ठरवूनच मी उठलो.

बुधवारी सकाळी मुंबईची गाडी दारात लागली. शनिवारी हसलेले सगळे निरोपाला आले होते, बुधाजीही होते. बोलायचं तर तेव्हाच. अफान माझ्यापाशी आला, त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "दयारामभाई, परत आलो की आपण पहिले येऊ."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं.

"येऊ की," मी म्हणालो. "तोवर क्लचवर हात बसव."

सगळे हसले. अफानही हसला आणि गाडीत जाऊन बसला.