वाफ दाखवलेली भाकरी

सोमीचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये फक्त एक कुंपण आहे. गंजाडच्या पाड्यावर आम्ही दोघं शेजारी. मी रेल्वेच्या गँगमध्ये होतो. डहाणू रोडच्या अलीकडे-पलीकडे रुळाखाली खडी ठोकून बसवायची, हे माझं आयुष्यभराचं काम. त्यामुळे माणूस काम करतोय की काम केल्यासारखं दाखवतोय, हे मला त्याच्या खांद्यावरून कळतं. सोमीच्या खांद्यात दिखावा नव्हता. म्हणून तिच्याबद्दल लिहितो.

दिवाळी झाली की पाड्यावर ट्रक यायचा. सोमी आणि तिचा नवरा लाहू भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचे. २०१४ साली लाहूची पाठ गेली. डोक्यावर विटा घेऊन फळीवरून चढताना पाय सरकला. तेव्हापासून तो ओट्यावर बसून टोपल्या विणतो, तेही अधूनमधून आडवा होत. पुढचा हंगाम सोमीने एकटीने काढला. माती तुडवणं, साचा भरणं, ओल्या विटा उलथणं, सुकलेल्या वाहणं. यातलं कुठलंही एक काम दिवसभर केलं तर धडधाकट माणसाला रात्री भाकरी मोडवत नाही. ती सगळी करायची. परत आली तेव्हा जमिनीवरून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून उठत होती. मला म्हणाली, "भाऊ, आता परत भट्टीवर नाही. गेले तर तिथलीच माती होईन."

त्याच पावसाळ्यात चारोटीच्या एका नव्या हॉटेलात तिला काम लागलं. हायवेवरचं मोठं हॉटेल, मालक वापीकडचा. गिऱ्हाइकाला दिसावी म्हणून त्याने टेबलांच्या समोरच मातीची चूल घातली होती. तिथे बसून नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, आणि तांदळाच्या भाकऱ्या करायच्या. सोप्पं काम, असं पाड्यावरच्या बायका म्हणाल्या. मी एकदा जाऊन पाहिलं. पुढून चुलीची धग, मागून गाड्यांचा धूर, आणि रविवारी तर पाणी प्यायला उठायची सोय नाही. नागलीचं पीठ नुसतं मळून चालत नाही, तळहाताच्या टाचेने रगडावं लागतं. ती रगडायची. एकही भाकरी चिरलेली गेली नाही. सोप्पं नव्हतं, पण वर्षभर घरी राहता येत होतं. दिवाळीनंतर ट्रक यायचा आणि तिच्या दारावरून पुढे जायचा. ट्रकचा आवाज आला की ती आत जाऊन बसायची, तो जाईपर्यंत बाहेर येत नसे.

आमच्या पाड्यावर एक रीत आहे. भाकरी ताटात पडली की खाणाऱ्याने ती लगेच मधोमध तोडायची आणि करणारीला वाफ दाखवायची. वाफ निघाली म्हणजे आतून शिजली. ती बघितल्यावर करणारी पुढची भाकरी थापायला घेते. भाकरी तशीच ठेवून जो इकडेतिकडे बघत बसतो, त्याने करणारीचा अपमान केला असं धरतात. सोमीने ही रीत हॉटेलातही सोडली नाही. मुंबईचे मोठे मोठे लोक गाडीतून उतरायचे आणि ही चुलीमागून ओरडायची, "वाफ दाखवा!" लोकांना गंमत वाटायची. भाकरी तोडून वर धरायचे. मालकालाही आवडलं. तो तिला सोमीबेन म्हणायचा.

आता चिमण. सोमीची बहीण सुकी लवकर वारली, तिचा हा मुलगा. सोमीनेच वाढवला. भट्टीवरच्या झोपडीत तीन विटांच्या चुलीवर भाकरी करून आधी त्याला घालायची. वाफ दाखवायला तो तिच्याच पुढ्यात शिकला. बारावी झाला. चारोटीला गोण्या चढवायचं काम केलं, ते मानवलं नाही. मग मोबाईलवरून त्याला एक काम मिळालं.

काम असं. मुंबईची एक कंपनी हॉटेलांत गुप्त गिऱ्हाईक पाठवायची. त्याने कोणाला न सांगता जाऊन बसायचं, मागवायचं, खायचं. वेटर कसा बोलला, टेबल पुसलं होतं का, जेवण कसं होतं, ते नंतर लिहून पाठवायचं. त्यासोबत ताटाचा फोटो. तोही हात न लावलेल्या ताटाचा. खाण्याचे पैसे मिळतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी म्हणालो, "चिमण, यात घाम कुठे येतो?"

"काका, यात डोकं लागतं."

डोकं लागत असेल, पण त्याचं पोट डोक्याच्या पुढे पळायचं. एका संध्याकाळी ताडी प्यायला आम्ही लाहूच्या ओट्यावर बसलो होतो. चिमणने स्वतःच सांगितलं.

"तलासरीच्या पुढे गेलतो. कोंबडीचं ताट आलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. फोटो आठवला तेव्हा ताटात हाडं."

"मग?" लाहूने विचारलं.

"हाडांचा काढला."

लाहू हसता हसता पाठ धरून बसला. "अरे, कुत्र्याने खाल्लं म्हणून लिहायचं!"

"दुसऱ्या वेळी तर त्याहून वाईट. डोसा खाल्ला आणि आठवलं. शेजारच्या टेबलावर तसाच डोसा आलेला. हळूच त्याचा काढायला गेलो, तर ती बाई उठली. म्हणे, माझा फोटो का काढतोस? मी म्हटलं, ताई, तुमचा नाही, डोशाचा. तिचा नवरा बाह्या सारून आला."

सोमीही हसत होती. म्हणाली, "अरे, तुला ताट दिसलं की डोळे मिटतात. लहानपणापासून तसाच."

"आता नाही मिटायचे, मावशी. कंपनीने सांगितलंय, अजून एकदा फोटो चुकला तर माझी आयडी बंद. मग परत गोण्या."

२०१८ च्या नवरात्रात त्याला मोबाईलवर सोमीचंच हॉटेल आलं. मालकाने आपल्या सगळ्या हॉटेलांची तपासणी त्या कंपनीला दिली होती. आपलं माणूस जिथे कामाला आहे तिथे जायचं नाही, असा नियम होता. चिमणने नातं लपवलं. जवळचं होतं, रिक्षाने जाण्यासारखं.

तो गेला. सोमीने त्याला बघितलं. आपला पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीवर बसून, पैसे देऊन जेवतोय, याचंच तिला कौतुक. तिने त्याच्यासाठी नागलीचा गोळा पुन्हा रगडून घेतला. भाकरी फुगली. वेटरने ताट नेऊन ठेवलं. भाकरी, वालाची भाजी, सुकटीची चटणी. सोमी चुलीमागून ओरडली, "वाफ दाखव रे!"

त्याचा हात गेला. भाकरी तोडली, वर धरली, वाफ निघाली. सोमीने मान हलवली आणि पुढची भाकरी थापायला घेतली. त्याने ते ताट पुसून खाल्लं.

हात धुवायला उठला तेव्हा खिशातला मोबाईल मांडीला लागला असेल. सोमी सांगते, तो उभ्याचा परत बसला. वेटरला बोलावून तेच ताट पुन्हा मागवलं. ते आल्यावर फोटो काढला. भाकरीला हात लावला नाही. सोमी इकडून "वाफ दाखव" म्हणाली, त्याने वर बघितलं नाही. पैसे देऊन निघून गेला. अख्खं ताट परत आलं. तिला वाटलं, पोराच्या पोटात दुखतंय. संध्याकाळी घरी येऊन तिने ओवा पाठवला त्याच्याकडे.

चार-आठ दिवसांनी हॉटेलच्या मॅनेजरने तिला चुलीवरून उठवून बाजूला घेतलं. तो बोईसरचा, स्वभावाने बरा माणूस. त्याने जे सांगितलं ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं.

"सोमीबेन, शेठचा फोन होता. तपासणीवाल्याने लिहिलंय, भाकरी आतून कच्ची होती, ताट बदलून घ्यावं लागलं."

"माझी भाकरी कच्ची?"

"मी नाही म्हणत. त्याने लिहिलंय. शेठ म्हणतो, चूल बंद करा. गॅसवर चपात्या करा, सगळ्या सारख्या निघतात."

"चपात्या मी करते."

"त्याला माणूस आहे. शेठने तिकडून पाठवलाय."

"कोणी लिहिलं?"

"नाव नसतं त्यात."

नावाची गरजच नव्हती. त्या दिवसांत एकानेच दुसरं ताट घेतलं होतं.

मी अंगणात कुऱ्हाडीला दांडा बसवत होतो. चिमणची खोली माझ्या अंगणाला लागूनच, मधे फक्त कुंपण. सोमी हॉटेलातून थेट त्याच्या दारात गेली. तो खाटेवर मोबाईल बघत बसला होता. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कच्ची होती?"

तो उठून बसला. "मावशी, बस ना."

"वाफ कोणी दाखवली मला?"

"मावशी, फोटो राहिला गं. तू ओरडलीस, हात आपोआप गेला."

"म्हणजे चूक माझी."

"तसं नाही. दोन ताटं घेतली की कारण लिहावं लागतं. फोटो विसरलो असं लिहिलं तर आयडी बंद. मला वाटलं, एका भाकरीने काय होतंय? तू तिथे कायमची आहेस."

"कायमची," सोमी म्हणाली.

"तुझं नाव नाही लिहिलं मी."

"चुलीवर दुसरं कोण बसतं?"

त्याने मोबाईल खाटेवर पालथा ठेवला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी गेलो की चांगलं लिहीन. शपथ."

मला राहवलं नाही. मी कुंपणावरून म्हणालो, "पुढच्या वेळचं सोड. आत्ता लिही, खोटं लिहिलं होतं म्हणून."

"काका, मग माझंही जाईल. वर नातं लपवलं ते निघेल. दोघांनी घरी बसून काय करायचं?"

हिशेब बरोबर होता त्याचा. एकाने घरी बसायचं, आणि ते कोणी हे त्याने आधीच ठरवलं होतं. गँगमध्ये एखादा माणूस आपल्या हातातलं ओझं न सांगता सोडून द्यायचा. मग रूळ दुसऱ्याच्या पायावर पडायचा. अशा माणसाला आम्ही परत जोडीला घेत नसू. पण चिमण पोटचा नसला तरी पोसलेला होता. सोमी घरी आली आणि पाण्याची कळशी घेऊन विहिरीवर गेली.

तिने चारोटीची बाकीची हॉटेलं फिरून पाहिली. मॅनेजर लोक एकमेकांना ओळखतात. एकाने हसत विचारलं, "तीच का, कच्च्या भाकरीवाली?" तिथून ती चालतच घरी आली. रिक्षा मिळत होती तरी.

लाहू म्हणाला, "मी जातो चिमणच्या पाया पडायला."

"पाया पडावं असं त्याने काय केलंय?" सोमी म्हणाली. "बस खाली. पाठ दुखेल."

दिवाळी झाली. ट्रक आला. त्या वर्षी तो दारावरून पुढे गेला नाही. सोमीने तवा, परात आणि दोन गोधड्या वर दिल्या, आणि मागच्या फळीला धरून चढली. तिला चढायला वेळ लागला. खालून एक बाई म्हणाली, "काय गं सोमे, हॉटेलवाली परत आमच्यात?" तिने गोधडी अंथरली. चिमण तेव्हा उधव्याकडे कुठल्या तरी धाब्यावर जेवायला गेला होता.

लाहूला त्या हिवाळ्यात मी आणि माझ्या सुनेने सांभाळलं. टोपल्या विणायचा आणि ट्रक गेला त्या रस्त्याकडे तोंड करून बसायचा.

२०१९ च्या मे महिन्यात सोमी परत आली. मी तिचे हात बघितले. मातीने तळहाताला चिरा पडतात, त्या माझ्याही पडायच्या, पण या खोल होत्या. नागलीचं पीठ रगडताना चिरांमध्ये पीठ जाऊन बसत होतं आणि ती मध्येच हात झटकत होती. भाकरी एका बाजूला जाड झाली. ती तिने बघितली आणि तशीच तव्यावर टाकली.

तेवढ्यात चिमण आला. नवीन बूट, हातात मिठाईचा डबा. काम चांगलं चाललं होतं. आता वलसाडपर्यंतची हॉटेलं त्याला मिळत होती. एकही फोटो चुकत नव्हता, असं त्याने स्वतःच लाहूला सांगितलं. लाहूने मिठाईचा डबा घेतला नाही, बाजूला ठेव म्हणाला.

"बस," सोमी आतून म्हणाली. "जेव."

तो चुलीसमोर मांडी घालून बसला, लहानपणी बसायचा तसा. तिने तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात टाकली. त्याने तोडायला हात पुढे केला.

"थांब," ती म्हणाली. "आधी फोटो काढ."

मी दारात होतो. मला वाटलं, आता हा खाली मान घालेल. नाहीतर उठून जाईल.

तो हसला. राग गेला मावशीचा, असं वाटलं असणार त्याला. त्याने मोबाईल काढला. ताट उजेडाकडे सरकवलं, मिरची जरा बाजूला केली, भाकरीची जाड बाजू पलीकडे फिरवली. एक काढला, नीट नाही आला म्हणून गुडघ्यावर उभं राहून दुसरा काढला. मग मोबाईल तिच्यापुढे धरला.

"बघ मावशी, किती भारी आलाय."

तिने बघितला. बराच वेळ बघितला.

"वाफ नाही दिसत यात," ती म्हणाली.

"वाफ नाही येत फोटोत," चिमण म्हणाला आणि भाकरी तोडली. ती एव्हाना निवली होती.

सोमीने पुढची भाकरी थापली नाही. परातीतल्या गोळ्यावर ताट झाकलं आणि चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढलं.