कोलनकाकांची नजर

छापखान्यात त्यांना तोंडावर सगळे काका म्हणत आणि पाठ वळली की कोलनकाका. इंग्रजी पुस्तकांची प्रुफं तपासण्यात उभा जन्म गेलेला, पण जीव अडकलेला दोन चिन्हांच्या पुढच्या अक्षरात. सेमिकोलननंतर कुणी कॅपिटल टाकलं की यांच्या तळपायाची आग मस्तकात गेलीच म्हणून समजा. "अरे, वाक्य संपलंय का? नुसतं दम खायला थांबलंय! मग पुढच्या अक्षराने मान कशाला वर काढायची? कुणाचं नाव असेल तर गोष्ट वेगळी." कोलनच्या बाबतीत ते जरा नरम. पुढे अख्खं वाक्य आलं तर मोठं चालेल, नुसती यादी आली तर लहान. पण एकदा काय ते ठरवा आणि पुस्तकभर पाळा, असा खाक्या. नव्याने लागलेल्या माणसांना ते यावरून चारचौघांत असं झापत, की ऐकणाऱ्यालाच मेल्याहून मेल्यासारखं व्हावं.

आणि नेमके या माणसाचे डोळे गेले. ठार आंधळे नव्हे हो. समोरचा माणूस दिसे, दार दिसे, कागदावरची ओळ तेवढी धुरकट. चष्मा बदलून झाला, दिवा बदलून झाला. हे सांगायचं कुणाला? डोळे गेले म्हटल्यावर काम गेलं, आणि काम गेलं की काका म्हणजे कोपऱ्यातली खुर्ची. ते मालकाला म्हणाले, "छापखान्यात गोंगाट फार. मी प्रुफं घरी नेत जाईन." मालक वयाने लहान, काकांना मानणारा. "न्या की," म्हणाला.

घरी मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवरा-बायकोचा संसार नव्याने सुरू झाला. काकू शाळेपुरतं इंग्रजी शिकलेल्या. त्या ओळ वाचत, चिन्हासकट आणि पुढच्या अक्षरासकट: "कोलन, पुढे मोठं. स्वल्पविराम. सेमिकोलन, पुढे लहान." काका डोळे मिटून ऐकत. "हं" म्हणाले की आहे तसं ठेवायचं. "खाली" म्हणाले की मोठं अक्षर लहान करायची खूण काकूंनी पेन्सिलीने करायची. पुस्तकामागून पुस्तकं अशी गेली. छापखान्यात नवीन माणसांना मालक सांगायचा, "काकांची नजर अजून घारीची आहे." काका मान खाली घालून हसायचे. घरी आल्यावर मात्र हे काकूंना सांगायचं कसं कोण जाणे राहूनच जायचं.

मग आलं एका निवृत्त न्यायाधीशांचं आत्मचरित्र. एका प्रकरणात साहेबांनी प्रत्येक सेमिकोलननंतर दणकून कॅपिटल दिलेलं. ते प्रकरण वाचायला घेतलं रविवारी दुपारी, पोटभर जेवण झाल्यावर. काकूंनी भांडीसुद्धा तशीच ठेवली होती. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की हे फार वेळ नुसतं "हं" करताहेत.

"अहो, सेमिकोलनपुढे मोठं आहे. झोप लागली का?"

डुलक्या खाताना पकडलेल्या माणसाला राग येतोच. काका खेकसले, "हं म्हटलं ना! आता तू शिकवणार मला? वाच पुढे!"

काकूंनी वाचलं पुढे. काका पुन्हा पेंगले. संध्याकाळी पानापानावर त्यांनी आपली सही ठोकली आणि प्रुफं गेली.

पुस्तक छापून झालं तेव्हा मालक स्वतः घरी आला. हातात पुस्तक, चेहरा उतरलेला. "काका, साहेबांनी चारशे प्रती परत पाठवल्या आहेत. म्हणतात, बाकीच्या पुस्तकात माझं इंग्रजी सुधारलंत, याच प्रकरणात मला उघडं का पाडलंत? तुमच्या हातून हे कसं सुटलं?"

काकू चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. झोपलो होतो म्हणावं तर अब्रू जाते. दिसत नाही म्हणावं तर सगळंच जातं. आणि माणसाची जीभ अशा वेळी कुठे वळते? जिथे उलट उत्तर यायची भीती नाही तिथे.

"त्या दिवशी मला ताप होता," काका म्हणाले. "ते प्रकरण हिने बघितलं. हिला काय कळतंय त्यातलं! मीही विश्वास टाकला."

मालकाने काकूंकडे बघितलं. काकूंनी कप टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हो, चुकलं माझं."

आवाजात ना राग ना रडू. त्यांनी थयथयाट केला असता तर काकांना बरं वाटलं असतं.

मालक चहा न पिताच उठला. जाताना नव्या प्रुफांचा गठ्ठा ठेवून म्हणाला, "हे मात्र तुमचं तुम्हीच वाचा, काका. काकूंना बसवू नका."

दुसऱ्या दिवशी काकांनी गठ्ठा उघडला आणि हाक मारली. काकू धुणं वाळत घालत होत्या. "मालकांनी काय सांगितलंय, ऐकलंत ना?" एवढंच म्हणाल्या. काकांनी कागद नाकाशी धरला, उन्हात धरला. नुसता धूर. शेवटी गठ्ठा काखेत मारून ते छापखान्यात गेले आणि मालकाच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मला दिसत नाही रे. बरेच दिवस झाले."

"माहीत आहे मला," मालक म्हणाला. "काकूच येऊन सांगून गेल्या होत्या, पहिल्या पुस्तकाच्या वेळी. म्हणाल्या, वाचीन मी, पण तुम्हाला ठाऊक आहे हे यांना कळू देऊ नका. तेव्हापासून तुमची प्रुफं मी ठसठशीत अक्षरात काढतो, त्यांना सोपं जावं म्हणून."

म्हणजे काल त्या खोलीत खोटं खपलं असं एकट्या काकांनाच वाटलं होतं. "मग काल बोलला का नाहीस?"

"काकूंनी डोळ्यांनी गप्प केलं. नाहीतर बोललो असतो." मालकाने गठ्ठा त्यांच्याकडे सरकवला. "त्यांना विचारा. वाचते म्हणाल्या तर ठेवा, नाहीतर परत आणा."

घरी येताना काकांना रस्त्यातल्या ओळखीच्या माणसांकडे मान वर करून बघवेना. नव्या माणसांना झापलेलं सगळं आठवलं, आणि लाजेने कान तापले. घरात शिरून त्यांनी दार लावून घेतलं, काकूंसमोर उभे राहिले आणि अख्ख्या संसारात कधी न म्हटलेलं म्हणाले, "चुकलं माझं. मी झोपलो होतो त्या दिवशी."

काकूंनी पदराला हात पुसले, खुर्ची ओढली, गठ्ठ्याची दोरी सोडायला घेतली.

"ते मालकांसमोर म्हणायचं होतं," त्या म्हणाल्या. "मला काय सांगताय? मी जागीच होते."