बांधलेला बडग्या

"बाबांना जरा बाहेर बसवता का? आपण कामाचं बोलू."

साहेब हे माझ्या पोरीला म्हणाला. मला नाही. मी त्याच्या टेबलासमोरच बसलो होतो, हातभर अंतरावर. ओली छत्री दाराबाहेर ठेवतात, तसं मला ठेवायचं होतं.

पोरीनं मान खाली घातली. हळूच म्हणाली, "बाबा, उठा नं."

हे उठणं मला लहानपणापासून ठाऊक आहे.

मी दुसरीत होतो. आम्ही बुरड. बांबू फाडायचा, कामट्या काढायच्या, सुपं-टोपल्या विणायच्या. मास्तरच्या घरचं सूप उसवलं. त्यानं ते शाळेत आणलं आणि भर वर्गात म्हणाला, "ऊठ रे. पाटी ठेव. पायरीवर बस आणि हे नीट करून दे." सात-आठ वर्षांचं पोर. ऊठ म्हटलं की उठते. आत पोरं पाढे म्हणत होती, बाहेर मी सूप बांधत होतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मास्तरची टोपली आली. मग कोणाच्या कोंबड्यांचा खुराडा. पाटी मागितली तर मास्तर हसला. "तुझ्या हाताला हेच शोभते. पाटी काय करतोस?"

पाटी कोणाकडे गेली माहीत नाही. शाळा पायरीवरूनच सुटली. वाचायला मी पुढं दुकानांच्या बोर्डांवरून शिकलो.

हात मात्र शिकले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते, गावची पीडा नेणारी मोठी बाहुली, तिच्यामागं बडगे. बांबूचा सांगाडा, वरून कागद. त्या साली लोकांना ज्यानं छळलं त्याचा पुतळा. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडत गल्लीगल्लीतून न्यायचा आणि शेवटी जाळायचा. जन्मभर मी बडगे बांधले. आमच्या आळीचा नेम आहे. जो बांधते, त्यानंच काडी लावायची. आणि बांधलेला बडग्या उभा सोडायचा नाही. उभा राहिला तर दारोदारची गोळा केलेली पीडा बांधणाऱ्याच्याच घरात मुक्कामाला येते.

वैशू माझी एकुलती. ती बारावीत असताना तिची माय गेली, मग कॉलेजचं काही जमलं नाही. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात लागली. तिथून एक दिवस जुना लॅपटॉप घेऊन आली.

"बाबा, याच्यात इंजिन टाकलं."

"कायचं इंजिन वं? धूर निघन काय?"

"गेम बनवाचं इंजिन आहे. जगभरातल्या लोकायनं मिळून बांधलं. कोणाच्या मालकीचं नाही. कोणीबी घ्या, आतून उघडून पाहा, बिघडलं तर दुरुस्त करा."

"अन् फी?"

"काहीच नाही."

"जात?"

"ते बी नाही विचारत."

दोघंही हसलो. खूप हसलो.

रात्रंदिवस त्याच्यासमोर बसून ती शिकली. मग कामं यायला लागली. लहान पोरांना अक्षरं शिकवायचे खेळ, फळं मोजायचे खेळ. त्यावर आमची चूल चालली, माझ्या दम्याचा पंपही त्यातूनच. एकदा तिला त्या इंजिनातच काहीतरी बिघाड सापडला. तिनं तो नीट करून पाठवला आणि इंजिन बांधणाऱ्या लोकांनी ती दुरुस्ती घेतली. पडद्यावर इंग्रजीत तिचं नाव आलं. मी बोट लावून पाहिलं. बुरडाच्या पोरीनं बांधलेली गाठ जगाच्या इंजिनात बसली होती. त्या दिवशी मी आळीत छाती काढून फिरलो, लपवत नाही.

मग तिनं स्वतःचा खेळ काढला. एक पोरगी बडग्या घेऊन निघते, दारोदारची पीडा गोळा करते, शेवटी मैदानात नेऊन जाळते. बडग्याचा सांगाडा तिनं माझ्या हाताकडं पाहून उभा केला. संगणकातल्या पुतळ्यालाही हाडं असतात, हे मला तेव्हा कळलं. 'इडा पीडा'ची हाक माझी घेतली. मी अंगणात कामट्या तासत होतो, कोयता न थांबवता हाक दिली. त्यात कोयत्याची खरखर आली. म्हटलं, "पुन्हा घे वं."

"नाही. राहू द्या. तेच तर पाहिजे," म्हणाली.

हाच खेळ त्या साहेबाला आवडला. त्याची कंपनी तो बाजारात आणणार, पोरीला कायमचं काम देणार, असं बोलणं होतं. पोरगी खुशीत होती. म्हणाली, "तुमचा बडग्या आहे, तुम्ही बी चला." मी इस्त्रीचा सदरा घातला.

साहेबानं आधी आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग वडील काय करतात विचारलं. त्याला एकच गोष्ट विचारायची होती, पण शिकलेला माणूस. फेऱ्यानं आला.

मग म्हणाला, "गेम मस्त आहे. फक्त हा आवाज काढा. खरखर आहे, शिवाय भाषा फारच गावठी. एखाद्या चांगल्या नटाकडून करून घेऊ. आणि शेवटी जाळू नका. बडग्याला नवे नवे कपडे घालता येतील असं करा, मुलं परत परत खेळतील."

पोरगी म्हणाली, "करता येईल, सर."

 मी सदऱ्याची बाही सारखी करत बसलो. पोट तिचं होतं.

साहेबानं इंजिन कोणतं विचारलं. तिनं सांगितलं. तो खुर्चीत मागं रेलला.

"अच्छा, फुकटवालं! फुकट म्हटलं की तुमच्याकडचे लोक बरोबर पोचतात हां. सीट काय, इंजिन काय."

तो हसला. पोरगीही हसली. थोडंसंच. पण हसली.

मी विचारलं, "तुमच्याकडचे म्हंजे कोणाकडचे जी?"

 आणि तेव्हा तो पोरीकडं पाहून म्हणाला, बाबांना जरा बाहेर बसवता का.

"बाबा, उठा नं."

मी उठलो नाही.

पायांनी ऐकलंच नाही. दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि म्हटलं, "मी अथीच बसतो. माह्या समोर बोला." पोरीनं माझ्या दंडाला हात लावला.  तरी मी उठलो नाही. शेवटी साहेबच उठला. "कळवतो," म्हणाला.

कळवलं नाही.

 घरी आल्यावर पोरगी चप्पल न काढता उभी राहिली.

"दोन मिनटं बाहेर बसले असते तर तुमचं काय झिजलं असतं?"

"माह्यं नाही. तुह्यं झिजलं असतं."

"माह्यं काय झिजते ते मले ठरवू द्या नं! असं मी रोज आयकते, बाबा. आयकते अन् काम करते. तुम्ही एक दिवस आयकलं अन् माह्यं सारं घेऊन बसले."

 

महिनाभरात ती पुण्याला गेली. मोठ्या कंपनीत लागली. तिथं इंजिन मालकाचं, खेळ मालकाचा, नाव मालकाचं. जाताना लॅपटॉप ठेवून गेली. "त्याच्यात तुमचा बडग्या आहे. मले आता त्याच्याकडं पाहवत नाही." रविवारी फोन करते. जेवले का, दवाई घेतली का, एवढंच. मागं माणसं असली की तिचा आवाज बदलते. साफ होते. कुठं खरखर नाही.

ती गेल्यावर बरेच दिवस मी त्या लॅपटॉपला हात लावला नाही. मग एका दुपारी उघडला. ती कुठं दाबायची ते पाहून पाहून ठाऊक होतं. बडग्या चालू लागला. गल्लीतून, दारादारातून. मुका. माझी हाक नव्हती. मैदानात पोचला आणि उभा राहिला. आग नव्हती. उभाच.

तेव्हा उमगलं. साहेबाच्या ऑफिसातून आल्यावर पोरीनं आवाज काढला होता, आग काढली होती आणि खेळ त्याला परत पाठवून पाहिला असणार. तरी त्यानं घेतला नव्हता. मी उठलो नव्हतो ना.

मी लॅपटॉपसमोर बसून रडलो. हुंदके देऊन. या वयात.

मी तिला विचारलं नाही. विचारणारही नाही. पण बांधलेला बडग्या माझ्या घरात उभा आहे. आळीचा नेम मोडला आहे. त्यानं गोळा केलेलं सारं, मास्तरची पायरी, साहेबाचं फुकट, पोरीचं ते थोडंसं हसू, सारं माझ्या घरात मुक्कामाला आहे.

म्हणून आता मी रोज त्या लॅपटॉपसमोर बसतो, बडग्याला हाक आणि आग परत द्यायला. इंग्रजी येत नाही, शब्दांचे आकार ओळखतो. चुकलं की लाल अक्षरं येतात. रोज येतात. पण लाल अक्षरं 'तुझ्या हाताला हे शोभत नाही' असं म्हणत नाहीत. चुकलं, एवढंच म्हणतात. माझी हाक सापडली. पोरीनं ती पुसली नव्हती, एका बाजूला ठेवली होती. ती मी कोयत्याच्या खरखरीसकट परत बसवली. किती दिवस लागले ते मोजले नाहीत.

आग राहिली आहे. ती जमत नाही. धूर येते, जाळ येत नाही.

ऐका साहेब. हे फुकट नाही. हजार हातांनी बांधलं आहे, त्यात एक गाठ माझ्या पोरीची आहे. मी भीक घेऊन बसलो नाही, आमच्याच वाट्याला बसलो आहे. त्या खेळाला तुमचा बाजार नको, तुमचा नट नको. तो माझ्या आवाजात निघेल आणि शेवटी जळेल. कोणालाही घेता येईल, तुमच्या नातवालाही.

मास्तरनं ठेवायला लावलेली पाटी आता माझ्यासमोर आहे. ही कोणाला काढून घेता येत नाही. आता कोणीही ऊठ म्हणो. मास्तर म्हणो, साहेब म्हणो, पोटची पोरगी हात धरून म्हणो.

काडी लावल्याशिवाय मी उठत नाही.