बारकूदादाची न ओढलेली बिडी

“हे बघा, इथंच बिडी टाकलीये त्यानं,” बंगल्याचे मालक बुटाच्या टोकाने लॉन दाखवत म्हणाले.

मी गुडघ्यांवर बसलो. वीतभर रुंद, सात-आठ फूट लांब तपकिरी पट्टा पडला होता. मी तेव्हा कल्याणच्या एका कंपनीत टर्फ-फिटर होतो. टर्फ म्हणजे प्लास्टिकचं गवत. खाली कापडासारखा जाड थर असतो, त्याला बॅकिंग म्हणतात. त्यात हिरवी पाती शिवलेली असतात. २००७-०८ च्या सुमाराला मुरबाडकडे मुंबईवाल्यांचे बंगले झाले होते आणि पाणी न घालता बारा महिने हिरवं अंगण सगळ्यांनाच हवं होतं. हा बंगला सिद्धगडाकडे जाणाऱ्या रस्त्याला. वाशिंदचं एक काम उरकून दोन गाड्या बदलत पोचेपर्यंत मला चार वाजले होते. जानेवारीअखेरचं ऊन उतरलं होतं.

मागे केअरटेकर बारकूदादा उभे होते. पन्नाशीचे, जवळच्याच पाड्यावरचे. बायकोसह बंगल्यामागच्या खोलीत राहायचे.

“साहेब, मी बिडी वढतच नाय,” ते म्हणाले. “मिशेरी लावतो. इचारा कुनालापन.”

“मग चुलीतला विस्तव सांडला असशील. प्लास्टिक आपोआप जळतं का?”

मला शंका आली. ठिणगी पडली की गोल भोक पडतं, कडा काळी होते, बॅकिंगही जळतं. इथं बॅकिंग धड होतं. नुसती पात्यांची टोकं वितळून एकमेकांना चिकटली होती, वरून इस्त्री फिरवल्यासारखी. बिडीने सात फुटांची सरळ रेघ कशी पडेल?

बाजूला जाऊन मॅनेजरला फोन लावला.

“सर, हे आगीचं वाटत नाही. कशाचं आहे ते कळत नाहीये. उद्या सकाळी पुन्हा येऊन बघू का?”

“माल खराब आहे का?”

“माल चांगला आहे.”

“मग झालं. वॉरंटीत बसत नाही, एवढंच आपल्याला पाहिजे. रिपोर्टात ‘फायर डॅमेज’ लिही, पॅच मार आणि मोकळा हो.”

मी लिहिलं. सही केली.

मग कामाला लागलो. वितळलेला भाग कटरने कापून काढला, खालची बारीक खडी सारखी केली, जोडपट्टी अंथरून त्यावर गोंद लावला आणि नवा तुकडा बसवला. पात्यांचा कल, म्हणजे लव, जुन्याच दिशेने ठेवावी लागते. उलटी बसली तर तुकडा लांबूनही ठिगळासारखा दिसतो. माझा जोड शोधूनही सापडला नसता. मालकांनी त्याचं कौतुक केलं. मग रिपोर्ट वाचला.

“बारकू, उद्यापासून येऊ नकोस. खोली रिकामी कर. हे बघ, कंपनीनेच लिहून दिलंय.”

बारकूदादांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीत हत्यारं भरत होतो. भरतच राहिलो.

मे महिन्यात मेंटेनन्सला गेलो तेव्हा मालक खुशीत होते. “बघा, तो गेल्यापासून एक डाग नाही.” खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हणजे रिपोर्ट बरोबरच होता म्हणायचा.

त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा फोन आला. पुन्हा पट्टा, त्याच जागी. माझा पॅचही वितळला होता. या वेळी मी साडेअकराला पोचलो. बघायला वाकलो आणि मानेला चटका बसला. गवतावर उन्हाची एक पांढरीफेक तिरीप पडली होती, नेमकी त्या पट्ट्यावर. वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीला आरशासारखी चकाकणारी, दुहेरी काच होती. अशी काच कधी कधी मधोमध किंचित आत दबते आणि भिंगासारखं ऊन गोळा करते. मी मालकांना खिडकीबाहेर चादर सोडायला लावली. तिरीप गेली. चादर उचलली, तिरीप हजर.

“काच कधी बसवली?”

“गेल्याच्या गेल्या दिवाळीत.” म्हणजे पहिला पट्टा पडला त्याच हिवाळ्याच्या तोंडावर.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, म्हणून त्या दक्षिणेकडच्या खिडकीवर आपटून ऊन लॉनवर यायचं. सूर्य सरकेल तशी तिरीपही सरकायची, म्हणून सरळ पट्टा. जानेवारीनंतर तो वर चढत जातो, उन्हाळ्यात डोक्यावर येतो, तिरीप पडतच नाही. डाग थांबले होते ते त्यामुळे. हे मी त्यांना समजावून सांगितलं.

“ठीक आहे, वर छज्जा बांधून घेतो,” ते म्हणाले.

“आणि बारकूदादा?”

“आता जुनं कशाला उकरायचं? नवीन माणूस चांगला आहे.” आत वळता वळता म्हणाले, “आणि तुम्हीच तर लिहून दिलं होतंत.”

परत जाताना पाड्यावर गेलो. बारकूदादा दारात टोपली विणत बसले होते. विस्तव सांडणारा म्हणून नाव झालं होतं. आसपासच्या एकाही बंगल्यावर त्यांना कुणी ठेवलं नव्हतं. वीटभट्टीचं काम मिळेल तेव्हा जायचे. मी सगळं सांगितलं. त्यांच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि तीही ऐकत उभी राहिली.

“त्या दिशी तुमाला कायच कळला नव्हता?” बारकूदादांनी विचारलं.

“शंका आली होती.”

“शंका व्हती त तेवढी तरी लिवायची व्हती.”

मी पॅडवर लिहून दिलं की, टर्फ काचेच्या उन्हाने वितळलं, यात बारकू यांचा दोष नाही. खाली सही केली. त्यांनी कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

“ह्या कोन वाचनार? बंगलेवाले बंगलेवाल्याचाच आयकतात.”

ते पुन्हा टोपलीकडे वळले. मी पाणी न पिताच उठलो.

त्यानंतर बरीच वर्षं हेच काम करतोय. कुठेही गेलो की आधी खिडक्या बघतो, मग गवत. आणि जिथं समजत नाही तिथं ‘कारण कळलं नाही’ असं लिहितो. मॅनेजर चिडतात, क्लायंट नाराज होतात, त्यापलीकडे काही होत नाही. तेव्हा तसं लिहिलं असतं, तरी एवढंच झालं असतं.