पाण्याचं पान

५ ऑक्टोबर, रविवार. त्या दिवसाचं काम : इंटरनेटवर स्वतःचं पान तयार करणं. मी संगणकीय शास्त्रज्ञ आहे. पाऊस पडला की भाताच्या एका खाचरातून दुसऱ्यात पाणी कसं उतरतं, याचं गणित संगणकाकडून करून घेते. नोकरी पुण्यात, कंत्राटी. मुदत वाढवायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीने कळवलं होतं : सोमवार, १३ तारखेपर्यंत तुमचं काम जगाला दिसेल अशा पानाचा दुवा पाठवा. माझं असं पान नव्हतं. इतकी वर्षं काम केलं की पुरे, असं मी धरून चालले होते.

फोटोसाठी लोणावळ्याच्या घरून टाकव्याला, गावी भावाकडे गेले. वहिनीने बांधावर उभं केलं.

"वन्सं, जरा हसा की. बँकंतला फोटू वाटतूय."

"कामाचा फोटो आहे, वहिनी."

"मला वाटलं लगीन जमवताय. मंग ते केस तरी मागं घ्या."

संध्याकाळी घरी येऊन फोटो चढवला. ओळख लिहायला चार वाक्यं पुरली, ती लिहायला तीन तास लागले. शेवटी पाण्याच्या गणिताचा प्रोग्राम कुणालाही उतरवून घेता येईल असा ठेवला आणि स्वयंपाकाला लागले.

आठवडाभर काही झालं नाही. रविवारी दुपारी पानावर एक निरोप दिसला. एका दूरच्या देशातल्या डोंगराळ भागातल्या शिक्षकाचा. त्याने माझा प्रोग्राम उतरवून घेतला होता, त्याच्या गावचा पाऊस आणि गावच्या खाचरांची उंची त्यात भरली होती आणि आलेलं हलतं चित्र जोडलं होतं. चित्र सुरू केलं. ज्या डोंगराचं नाव मला धड उच्चारता येत नव्हतं, त्याच्या उतारावर निळं पाणी एकेक खाचर भरत खाली येत होतं. भरलं की सांडायचं, सांडलं की खालचं भरायला लागायचं. मी तिथे कधी गेले नव्हते. तरी पाणी बरोबर जात होतं. मी ते किती वेळा पाहिलं, सांगता येणार नाही. गॅसवरचं दूध उतू गेलं तेव्हा उठले.

खाली त्याचा प्रश्न होता, सगळ्यांना वाचता येईल असा : 'ऑक्टोबरच्या मध्याला सगळी खाचरं एकदम रिकामी का होतात? आमच्याकडे तेव्हा पीक हिरवं असतं.'

मी प्रोग्राम उघडला. ती तारीख मीच लिहिली होती, कशासाठी याची टीपही न देता. वहिनीला फोन लावला.

"खाचरातलं पाणी तुम्ही कधी सोडता?"

"दसरा झाला की बांध फोडायचा. मंग जमीन वाळती, कापणीला पाय रुतत न्हाई. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"माहीत आहे. एक परदेशातला माणूस विचारतोय."

"त्येंच्याकडं दसरा न्हाई व्हय?"

"नाही."

"मंग पाणी कवा सोडत्यात?"

तेच मी विचारायला हवं होतं. आमच्या मावळात दसऱ्यानंतर सगळे सोडतात, म्हणून मी साऱ्या जगाचं पाणी सोडून दिलं होतं.

दुवा दुसऱ्याच दिवशी पाठवायचा होता. समितीने पान उघडलं की आधी हाच प्रश्न दिसणार. तो काढून टाकायची सोय पानावर होती. एक बटण दाबायचं, बस. माझं बोट तिथवर गेलंही. मग पुन्हा ते चित्र सुरू केलं. एका अनोळखी माणसाने माझी एकेक ओळ इतक्या निगुतीने वाचली होती. माझ्या वरिष्ठांनीही कधी वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून ती तारीख काढली. पाणी कधी सोडायचं, ते आता ज्याने त्याने भरायचं. त्याच्या प्रश्नाखाली लिहिलं : 'चूक माझी. ही आमच्या गावची वेळ आहे. तुमच्याकडे पाणी कधी सोडतात?' आणि त्या प्रश्नासकट पानाचा दुवा समितीला पाठवला.